पुढची सीट

प्रिय भिंगरी,

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. हा गुण आईचा. कागद मधे बोलत नाही, म्हणून कागद.

इथलं सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ अखेर दुरुस्त झाला. आई असताना तो गळायचा आणि ती म्हणायची, बघते उद्या. आता गळत नाही, तर सुरुवातीला घर ओळखीचंच वाटेना. भाजी करपत नाही हल्ली. मीठ मात्र अजून अंदाजाने पडतं, आणि अंदाज माझा, त्यामुळे जेवताना दोन-तीनदा पाणी प्यावं लागतं. चष्म्याच्या दुकानात मी सकाळीच बसतो. डोळे तपासायचं काम मी ठेवलं आहे, बाकी सगळं भागीदाराकडे. फ्रेम विकायला लागतो तो गोडवा माझ्याकडे कधीच नव्हता.

आईची शिकवायची गाडी तिच्याच एका विद्यार्थिनीने घेतली. तीही आता ड्रायव्हिंग शिकवते. गाडी न्यायला आली तेव्हा ती शिकवणाऱ्याच्या जागी बसली आणि तिथल्या जादा ब्रेकवर पाय ठेवून बघितला. म्हणाली, बाईंनी हा ब्रेक माझ्यासाठी इतक्या वेळा दाबलाय की तो माझाच आहे. मग आम्ही दोघं हसलो. तुला आठवतं ना, दुसऱ्या कुणाच्याही गाडीत बसली की आईचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. बसमध्येसुद्धा. बस थांबली की समाधानाने माझ्याकडे बघायची, जणू हिनेच थांबवली.

आता जोडसायकलीचं. तू म्हणालीस विकून टाका, जिन्याखालची जागा तरी मोकळी होईल, आणि आवरून इकडे या. मी खरंच विकायला काढली होती. पुढची-मागची सीट आणि दोघांची पायडलं पुसली, दोन्ही चाकांत हवा भरली, साखळीला तेल दिलं. एक नवं जोडपं बघायला आलं. नवरा पुढे बसला, बायको मागे. कोपऱ्यापर्यंत गेले, तिथे चाक डावीकडे गेलं आणि ती उजवीकडे कलली. परत आले ते चालत. ती म्हणाली, काका, सायकल छान आहे हो, पण आमचा संसार अजून कच्चा आहे. मी म्हटलं, आमच्या वेळी दुकानदाराने आम्हालाही हेच सांगायला हवं होतं.

ते गेले. सायकल दारात उभी राहिली, चाकांत हवा. हवा भरलेली सायकल परत जिन्याखाली ढकलणं मला जमलं नाही.

तुला ठाऊक आहे, मी आयुष्यभर मागे बसलो. कुणी मला चिडवलं तर आई सांगायची, ह्याला दिशा कळत नाही, पण चढावर माणूस भरवशाचा आहे. रस्ता तिचा, ब्रेक तिचा, हाक तिची. खड्डा. ढील, म्हणजे पाय सैल सोड. वळण डावं. आणि मधूनच, पाय फिरवतोयस की नुसता बसलायस? इतकी वर्षं मी ह्या भागात सायकल चालवली, पण मला रस्ते ठाऊक नाहीत. मला तिची पाठ ठाऊक आहे. शर्टच्या कॉलरमागची पट्टी नेहमी वर यायची, ती मी सिग्नलला थांबलो की आत सारायचो. ती विद्यार्थ्यांना सांगायची, पुढच्या गाडीकडे बघू नका, पुढच्या रस्त्याकडे बघा. मला ती हे कधी म्हणाली नाही.

तिचं दुखणं मला पाठीवरूनच आधी कळलं. एका सकाळी शर्ट वाऱ्यात जास्त फडफडला. नंतर खांद्याची हाडं दिसायला लागली. डॉक्टरांनी नाव सांगितलं ते बरंच पुढे. शेवटच्या वेळी आम्ही पुलानंतरच्या चढावर होतो. तिने अर्ध्यात ब्रेक लावला, पाय टेकवला आणि म्हणाली, आज इथवरच. एवढंच. मग आम्ही सायकल वळवली आणि उताराने आलो, पाय न फिरवता. ह्यातलं काही मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं.

तर ते जोडपं गेलं त्या दिवशी मी पुढे बसलो. मागची सीट रिकामी. जोडसायकल एकट्याने चालवणं म्हणजे पाहुणा झोपलेला असताना पलंग सरकवणं. आपल्या गल्लीच्या टोकाला खड्डा आला आणि मी पूर्ण आवाजात ओरडलो, खड्डा! रस्ता झाडणारी बाई दचकून बाजूला झाली. तिने माझ्या मागे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, दिसतोय हो, आंधळी नाही मी. मी माफी मागितली आणि त्याच खड्ड्यात गेलो. गुडघा खरचटला. फोनवर तू विचारलंस आवाज असा का येतोय, तेव्हा मी गुडघ्याला औषध लावत होतो आणि म्हटलं, काही नाही, फिरून आलोय. ते खोटं नव्हतं.

त्यानंतर दुकानात मास्तर आले. मास्तर म्हणजे व्हायोलिन शिकवायचे ते, मागच्या रस्त्यावर राहतात, तू लहान असताना त्यांच्या खिडकीखाली उभी राहून वेडावून दाखवायचीस. त्यांना नवा नंबर हवा होता. मी तपासलं, पुन्हा तपासलं. नजरेच्या मधोमध त्यांना आता काही दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं होतं. त्यांना ते एखाद्या दुकानदाराकडून ऐकायचं होतं, कारण दुकानदार गिऱ्हाईक सहसा परत पाठवत नाही, त्याने पाठवलं तर ते खरंच. मी म्हटलं, मास्तर, काच बदलून उपयोग नाही. ते म्हणाले, असो. वाचायचं फारसं राहिलं नव्हतं. सायकल सोडावी लागली ते मात्र लागलं मनाला. आणि उठलेच नाहीत. मी चहा मागवला. मग माझ्या तोंडून निघून गेलं, माझ्याकडे मागची सीट रिकामी आहे.

आता आम्ही रविवारी सकाळी जातो. त्यांची सून दारात येते आणि सांगते, आहेत तसे परत आणा हं. मास्तर म्हणतात, नाही आणलं तर हिला खोली मिळेल, म्हणून काळजी दाखवते. ती म्हणते, तुमच्या खोलीत व्हायोलिनं ठेवून जागा कुठे उरलीये? दोघांचं रोज असंच चालतं. ती दूध तापवून ठेवते आणि आम्ही परत आल्यावर कुठे कुठे गेलो ते सगळं विचारते.

हाका मी द्यायला शिकलो. आधी उशिरा द्यायचो. मास्तर म्हणाले, चष्मेवाले, तुम्ही खड्डा चुकवायला सांगता की ओळख करून द्यायला? मग मला आईचं ते वाक्य कळलं, पुढच्या रस्त्याकडे बघायचं. खड्डा आला की हाक द्यायची नसते, येणार असला की द्यायची. ती सगळा वेळ माझ्याही वाटचं बघत होती आणि शिवाय मागे वळून बोलतही होती. मास्तर मागे गातात. साखळी थोडी सैल झाली की त्यांना आधी कळतं, म्हणतात, बेसूर वाजतेय. मी त्यांना दिसेल ते सांगतो. गिरणीच्या भिंतीला नवा रंग, निळा. नदीला पाणी कमी. एक कुत्रा, आळशी. ते विचारतात, आळशी कशावरून? मग मला नीट बघावं लागतं. इतकं मी आधी कधी बघितलं नव्हतं.

पुलानंतरचा तो चढही आम्ही चढलो. जिथे आईने पाय टेकवला होता ती जागा आली आणि गेली. वर पोचल्यावर मास्तर म्हणाले, अर्ध्यात तुम्ही जोर वाढवलात, का? मी म्हटलं, तिथे रस्ता खराब आहे. वरून गाव पूर्ण दिसतं, भिंगरी. मला माहीतच नव्हतं. मी तिथे इतक्यांदा गेलो होतो.

एकच अडचण आहे. पुढची सीट अजून आईच्या उंचीची आहे. माझे पाय लांब, त्यामुळे गुडघे हँडलला आपटतात. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, भाऊजी, राग मानू नका, पण टोळ दिसता हो. सीट वर करून घ्यायला सायकलवाल्याकडे गेलो. त्याने पाना लावला, एका फेऱ्याचं काम. मी म्हटलं, आज नको. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, पुन्हा आज नको. आता तो मला बघितलं की पाना हातात घेतो आणि लगेच ठेवून देतो. म्हणतो, काका, गुडघे तुमचे, माझं काय जातं. मास्तरांनाही समजलं आहे. परवा म्हणाले, तुमचा गुडघा प्रत्येक फेऱ्याला कट्कन वाजतो, ताल चुकतो माझा.

म्हणून हे पत्र. तू माझ्यासाठी खोली तयार केली आहेस. खिडकी पूर्वेला, कपाट नवं, पलंग भिंतीला लावलेला, सगळं तू फोनवर दोनदा सांगितलंस. मी नाही येत, भिंगरी. दोन दिवस राहायला येईन, नातवाचे कान ओढायला येईन, पण कायमचा नाही. मी इथे उरलोय म्हणून राहतोय असं समजू नकोस. माझी रविवारी वाट बघतात. हे मला फोनवर सांगता आलं नसतं, कारण तू रडली असतीस आणि मी हो म्हटलं असतं. आता माझं एक काम कर. तू ये. शनिवारी ये, एकटी ये. तुझी उंची आईएवढी, ती सीट तुला बेतल्यासारखी होईल. ह्या रविवारची मास्तरांची रजा मी मागून घेतली आहे, ते म्हणाले, द्यायला काय, मी झोपेन. तू पुढे बस, मी मागे. पुलापर्यंत जाऊ, चढ चढू, वर थोडं थांबू. कॉलरची पट्टी वर आली तर मी आत सारीन, दचकू नकोस. येताना सायकलवाल्याकडून येऊ. पाना तू फिरव.

तुझाच,
अजून एका रविवारपुरता मागे बसणारा,
बाबा