त्या दिवशी तू ‘झोंबतंय’ म्हणालीस

माय, काल शेजारच्या सूनबाईच्या आईला बघायला दवाखान्यात गेले होते. प्रेशर एकदम खाली गेलेलं, खाटेशेजारच्या छोट्या मशीनमधून थेंबाथेंबानं औषध चाललेलं, आणि सूनबाई आईच्या तोंडाकडं टक लावून बसलेली. मी तिला म्हटलं, “हाताकडंही बघत राह्य. सुई टोचलीय तिथं दुखलं, सुजलं, पांढरं पडलं, की जल्दी सिस्टरला हाक मार.” घरी आले आणि तुला लिहायला बसले.

तुझ्या त्या दुखण्याचे दिवस तुला किती आठवत होते, कुणास ठाऊक. लघवीतलं इन्फेक्शन अंगभर पसरलेलं, अंगात ताप, तरी तू तीर्थपुरीच्या शाळेतलं खिचडीचं पातेलं उतरवलंस आणि मगच भिंतीला टेकून खाली बसलीस. वाफेनं मनगट भाजलं तरी “काही न्हाई झालं” म्हणणारी बाई तू. जालन्याला आणेपर्यंत तुझे हातपाय गार पडले होते. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण आमच्याशी नीट बोलल्या. “सलाईननं प्रेशर चढेना. आता नसा आवळणारं औषध लावतोय. त्यानं जीव सावरेल, पण बोटांकडं रक्त कमी जाऊ शकतं, छातीत धडधडू शकतं. मानेजवळच्या मोठ्या शिरेतून दिलेलं बरं असतं. पण ती नळी टाकेपर्यंत थांबायला वेळ नाही, म्हणून हातातून सुरू करतोय. तेवढं हाताकडं लक्ष ठेवा.”

दादा मशीनवरचे आकडे बघत उभा, मी तुझ्या उशाशी. तू डोळे मिटूनच पुटपुटतेस, “पोरी, हाताला झोंबतंय गं. लई झोंबून राह्यलंय.” मला आधी उमगतच नाही. तुझ्या तोंडून दुखण्याचा शब्द मी जन्मात ऐकलेला नाही. चादर सारते, तर सुईभोवतीची कातडी पांढरीफटक, सुजलेली. मी ओरडते. सिस्टर धावत येतात. औषध शिरेबाहेर पाझरत होतं. त्या हातातलं त्यांनी तिथल्या तिथं बंद केलं, पण सुई लगेच उपटली नाही. तिच्यातूनच सांडलेलं औषध निघेल तेवढं मागं ओढून घेतलं. तोवर दुसऱ्या सिस्टरनं तुझ्या डाव्या हातातून तेच औषध चालू केलं, कारण ते थांबलं असतं तर तू राहिली नसतीस. मग डॉक्टरीणबाईंनी त्या पांढऱ्या जागेभोवती उतारा म्हणून बारीक बारीक इंजेक्शनं दिली. हळूहळू तिथं रंग परत आला. “बरोबर वेळेवर सांगितलंत,” त्या म्हणाल्या, “नाहीतर इथलं कातडं काळं पडून झडलं असतं.”

मानेतली नळी टाकून झाली, प्रेशर सुधारलं, तसा दादा उतावीळ झाला. “आता बराबर आलंय ना मॅडम? मंग काढून टाका की ते.” त्या हसल्या. “एकदम काढलं तर पुन्हा कोसळेल. थोडं थोडं कमी करत नेऊ.” आणि तसंच झालं. औषध उतरत गेलं, तू चढत गेलीस, आणि एका सकाळी उठून बसून तू चहा मागितलास.

मनगटाजवळ एक फिका डाग राहिला, बाकी हात शाबूत. त्याच हातानं तू पुन्हा शाळेत खिचडी वाढलीस, माझ्या लेकीच्या वेण्या घातल्यास, जांब समर्थला तिला बोटाला धरून फिरवलंस. तू गेलीस ती कितीतरी वर्षांनी, आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर. ती मधली सगळी वर्षं मला मिळाली. डॉक्टरीणबाईंचे, सिस्टरांचे आभार मी तेव्हाच मानले होते. तुझे मात्र राहून गेले.

तू असताना लिहिलं असतं, तर तुला वाचता येत नव्हतं. मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. “माय, तू बोललीस म्हणून मला उरलीस,” हे तुझ्या तोंडावर म्हणणं मला जमलं नसतं. आत्ता घरात कुणी नाही, म्हणून मोठ्यानं म्हणून बघितलं. अजूनही जमत नाही.