दावे नसलेले वासरू

सर, हे पत्र मी पाठवणार नाही, कारण तुम्हांला जाऊन आता बरीच वर्षे झाली. आणि जिच्यापायी मी आयुष्यभर तुमच्यावर जळलो, ती माझी पत्नीही मागच्या उन्हाळ्यात गेली.

आम्ही दोघेही तुमचे विद्यार्थी. शिष्या मात्र ती एकटीच. खेड्यातल्या मुलांना मराठी शब्दांत प्रोग्रॅम लिहिता यावेत म्हणून तिने एक भाषा रचली. त्या भाषेतले प्रोग्रॅम चालवणाऱ्या इंटरप्रिटरचा आराखडा घेऊन आम्ही बारामतीहून शेळगावला तुमच्या घरी आलो, तो रविवार मला अजून दिसतो. तुम्ही स्वयंपाकघरात चहा उकळत आहात, ती ओट्याला टेकून उभी आहे, आणि मी, तिचा नवरा, दारात परक्यासारखा. प्रोग्रॅम चालताना संख्या, वाक्ये, याद्या अशा असंख्य वस्तू मेमरीत तयार होतात. त्यांतल्या निरुपयोगी झालेल्या कोणत्या, हे इंटरप्रिटरने स्वतःच ओळखून त्या झाडून काढायच्या होत्या.

"सोपं हाय पोरी," तुम्ही म्हणालात. "दाव्याला बांधलेलं जनावर आपलं. प्रोग्रॅममधी वस्तूंना दिलेल्या नावांपासनं निघायचं, दावं धरून पोचशील तितवर खूण करत जायचं. खूण न्हाय ते मोकाट. काढून टाकायचं."

मी विचारले, "आणि नुकते जन्मलेले वासरू? त्याला दावे कुठे असते?" वस्तू तयार झाली, पण तिला नाव मिळण्याआधीच झाडू फिरला, तर ती हवी असूनही जाईल, एवढेच मला म्हणायचे होते.

"वासरू आईला सोडून कुठं जातंय, जावईबापू?" तुम्ही हसलात. तीही हसली. परतीच्या एसटीत मी विषय पुन्हा काढला, तेव्हा खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, "सर म्हनत्यात तर असंलच. तुमी उगा खुसपट काढू नका." एरवी ती माझ्याशी प्रमाण मराठीत बोले; तुमच्याकडून येताना मात्र तिची माहेरची, निमगावची बोली परत आलेली असे. मला त्याचाही हेवा वाटे.

तिच्या मागे ती भाषा आता मी सांभाळतो. परवा काटेवाडीची एक विद्यार्थिनी तक्रार घेऊन आली, "सर, माझ्या यादीतली नावं गळत्यात." दोन दिवस शोधले. यादी फार मोठी असली, की ती अर्धी बांधून होते तेवढ्यात झाडू फिरतो. त्या यादीला स्वतःला अजून नाव नाही, म्हणून तिच्यावर खूणही नाही. जे मी विचारले होते, नेमके तेच. दुरुस्ती चार-सहा ओळींची होती.

दोष तुमच्या सल्ल्याचा निघाला, याचा मला आनंद झाला. हे सभ्यपणाचे नाही, पण खरे आहे. लॅबमध्ये कुणी नाही असे पाहून मी टेबलावर चक्क थाप मारली. मग कुणाला तरी सांगावेसे वाटले. मी तेव्हा काय विचारले होते, ते ऐकलेली माणसे दोनच होती. तिला सांगितले असते, तर क्षणभरही न थांबता तिने तुमचीच बाजू घेतली असती आणि वर मलाच चार शब्द सुनावले असते.

सर, मला तेच ऐकायचे आहे.