वरचा एक सेंट

डॅड,

टायरच्या कारखान्यात जन्मभर युनियनचा झेंडा धरलेले तुम्ही, माझ्या ब्लॉगला मात्र हसायचात. "पायजम्यात बसून क्रांती करते आमची पोरगी! वाचतं कोण ते?"

आम्ही ब्लॉगवाले निवडणुकीत गव्हर्नरविरुद्धच्या उमेदवाराला देणगी देताना वर एक सेंट जास्त घालतो, पैसा आपल्या लोकांकडून आला हे कळावं म्हणून. त्यावरही तुम्ही म्हणालात, "एक सेंट? घाबरले असतील हं गव्हर्नरसाहेब!"

माझा ब्लॉग वाचकांच्या देणग्यांवरच चालायचा. दर पहिल्या तारखेला आपण नाश्त्याला बसलो की लॅपटॉप किणकिणायचा. निनावी वीस डॉलर, वर एक सेंट. तुम्ही ओरडायचात, "बंद कर ती घंटा!"

तुम्हाला मातीत ठेवून आलो, त्यानंतरच्या पहिल्या तारखेलाही ती वाजली. मग बँकेतली बाई म्हणाली, "वडिलांच्या खात्यातून दरमहा वीस डॉलर एक सेंट जातात. थांबवू ना?" मी तिला थोपवत राहिले. घंटा वाजली की तुमच्या खुर्चीकडे बघवत नव्हतं, आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

काल शेवटी सही केली. खातं बंद झालं. ब्लॉगही बंद करायचं ठरवलं. आता लिहायचं कुणासाठी?

आज पहिली तारीख. घंटा वाजली, डॅड. वीस डॉलर, वर एक सेंट.

मॉम शेगडीपाशी होती. तिने फोन एप्रनच्या खिशात टाकला आणि मागे न वळताच म्हणाली, "अंडं गार होतंय तुझं. खा, आणि लिहायला बस."

तुमची पायजमेवाली,
डॅरलीन