वरच्या पलंगावरची गोधडी

जलीब अल शुयूख, कुवेत
शुक्रवार, १८ एप्रिल २०२५

प्रिय इम्तियाज,

भाईचा सलाम. तू, फरहत आणि मुलं खुशाल असाल अशी अल्लाहकडे दुआ. माझी तब्येत बरी आहे. उन्हाळा यंदा लवकर आलाय. शर्कच्या मासळीबाजारात सकाळी मासळीवर टाकलेला बर्फ दुपारपर्यंत टिकत नाही.

फोनवर तू "भाई, एक मिनिट, दुसरा कॉल येतोय" म्हणतोस. म्हणून कागदावर लिहितोय. कागद मधेच तोडता येत नाही.

सोमवारी तू तुझ्या प्रचाराची फिल्म पाठवलीस. मी वजनकाट्यावर होतो, हात ओले. तू नव्या वस्तीत घरोघरी फिरतोयस, एका गोऱ्या म्हातारीच्या अंगणात तुझ्या नावाचा बोर्ड रोवतोयस, एवढंच पाहिलं. डोळे भरून आले. आपल्या गावच्या मराठी शाळेत शिकलेला पोरगा कॅनडाच्या संसदेसाठी उभा आहे. गिऱ्हाईक ओरडत होतं, मी फोन खिशात टाकला.

पुढचा भाग रात्री सर्फराजने दाखवला. तो माझ्या खालच्या पलंगावर झोपतो, हॉटेलात कामाला आहे, इंग्रजी चांगलं आहे त्याचं. फिल्मच्या शेवटी आमच्या खोलीचा फोटो. सहा पलंग, दोरीवर लुंग्या, दाराशी चपलांचा ढीग. त्यावर तुझा आवाज: "माझा सख्खा भाऊ असा राहतो. एकेका घरात अशी माणसं कोंबलेली मी पाहिली आहेत. आपल्या वस्तीत मी हे होऊ देणार नाही."

सर्फराज हसला. "भाई, तुमच्या भावाच्या इलेक्शनमध्ये माझा पाय पण आलाय बघा."

बारा वर्षांपूर्वी कॅनडाला जाताना तू इथे चार रात्री राहिलास. माझ्या पलंगावर तू झोपलास, मी खाली चटईवर. जाताना म्हणालास, "आठवण म्हणून एक फोटो काढतो, भाई." ही ती आठवण.

सर्फराजने तुझी दुसरी फिल्मही लावली, शेतकऱ्यांच्या हॉलमधली. तिथे तू सांगतोस, बाहेरून माणसं आली नाहीत तर तुमचे टोमॅटो वेलीवरच सडतील, ती माणसं मी आणून देईन. टाळ्या पडतात. गाडीने अर्ध्या तासावर, नव्या घरांच्या वस्तीत, त्याच माणसांची तू भीती घालतोस. मतदारसंघ एक, तोंडं दोन. ती माणसं टोमॅटो तोडून रात्री कुठे झोपतात, हे तू त्या हॉलमध्ये का विचारलं नाहीस? मी त्या शेतावर आलो असतो, तर तू माझ्याविरुद्ध मतं मागितली असतीस.

बुधवारी मी फोन केला तेव्हा तू म्हणालास, "तुझं नाव कुठे घेतलंय? उदाहरण आहे ते. इथल्या लोकांना भिडतं."

उदाहरण. मी तुझं बोट धरून तुला शाळेत नेलं ते उदाहरण म्हणून नाही.

आता रबियाचं. तुझ्या भाभीला मी पंधरा वर्षं सांगत आलो की कंपनीने मला वेगळी खोली दिली आहे. व्हिडिओ कॉल नेहमी शर्कला समुद्राकाठी उभा राहून करायचो, मागे उंच इमारती दिसायच्या. मंगळवारी तिचा फोन आला.

"त्या खोलीत तुमचा पलंग कुठला?"

"माझा कसला? जुना फोटो आहे तो, दुसऱ्या कुणाची तरी खोली."

"वरच्या पलंगावर माझी गोधडी आहे. असमा झाली त्या वर्षी शिवलेली. हिरवा काठ मी ओळखणार नाही?"

मग म्हणाली, "असमाने पण बघितलं. जेवली नाही ती."

तीन दिवस झाले, रबियाने फोन उचललेला नाही.

फिल्म गावात कशी पोचली, हे तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. मीच पाठवली. हात पुसले आणि शेवटपर्यंत न पाहता गावच्या जमातच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, "माझा भाऊ." आता काढून काय उपयोग, सगळ्यांनी पाहिली. खोटंही माझंच होतं. हे लिहितोय म्हणून तुझ्यावरचा राग कमी झाला असं समजू नकोस. मी मिरवायला पाठवली, तू विकायला काढलीस.

आज सकाळी जमातच्या सदरसाहेबांचा फोन आला. "यूनुसभाई, जुम्म्याला इम्तियाजसाठी दुआ मागतोय, त्याच्या तिकडच्या गावाचं नाव सांगा." मी सांगितलं. इथल्या मशिदीत मीही हात वर केले. अब्बा-अम्मासाठी मागितलं, रबिया-असमासाठी मागितलं. तुझं नाव ओठांवर आलं नाही. अम्मा गेल्यापासून एकही जुम्मा असा गेला नव्हता. मला माझीच भीती वाटली.

अठ्ठावीसला मतदान आहे. तू जिंकावंस की हरावंस, ते अल्लाहच्या हाती. पण फिल्ममधून तो फोटो आजच काढून टाक. माझ्यासाठी नको, माझं व्हायचं ते झालं. त्यात आणखी चार माणसं झोपलेली आहेत, त्यांच्याही बायका गावी आहेत. आणि रबियाला स्वतः फोन कर. न विचारता फोटो दाखवलास एवढंच सांग. बाकीचं मी सांगेन, ती फोन उचलेल तेव्हा.

सर्फराज या कागदाचा फोटो काढून तुला पाठवणार आहे. आधी त्याने मला विचारलं.

फरहतला सलाम. पोरांना त्यांच्या चाचाची खोली दाखवायची असेल तर त्यांना इथे घेऊन ये. चटईवर मी झोपेन.

वरच्या पलंगावरचा,
तुझा सख्खा भाऊ
यूनुस