नऊ पिशव्यांत गेलेली शाल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार जिन्याच्या उजव्या अंगाच्या दोन खोल्या, आज माझ्याच कापायच्या टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्यामागे काय कोणाकडे जावे ते या कागदावर लिहून ठेवते. शुद्धीचा पुरावा म्हणून मी वकीलबाईंसमोर चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवून दाखवला. हा पुरावा चालत नाही, डॉक्टरांचा दाखला लागतो, असे त्या म्हणाल्या. दाखला सोबत जोडला आहे. तो देणाऱ्या डॉक्टरांना स्वतःला जाड भिंगांचा चष्मा आहे, हेही नोंदवून ठेवते.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करायला काही नाही. मी लग्न केले नाही. विचारणारे दोघे आले होते. एकाला घरात शिलाई मशीन नको होते आणि दुसऱ्याला फक्त मशीनच हवे होते. माझ्या रक्ताची माणसे दोन: सख्खी धाकटी बहीण, जिला या कागदात मी धाकटी म्हणणार आहे, आणि तिची मुलगी, म्हणजे माझी भाची. भाची दर रविवारी येते. धाकटीचे आणि माझे एकोणीस वर्षे बोलणे नाही. खरे तर हा सगळा कागद तिच्यासाठीच आहे, पण आधी बाकीचे उरकून घेते. तिच्या कलमापर्यंत जायला मला जरा धीर गोळा करावा लागेल.

कलम १. मागची खोली, त्यातले कपाट, पलंग, भांडीकुंडी आणि बँकेत असेल ते सर्व भाचीला द्यावे. कपाटाचे दार ओढताना आधी वर उचलावे लागते. सुताराला बोलावू नये. तो येतो, मान हलवतो, चहा पितो आणि जातो.

कलम २. शिलाई मशीन भाचीला. त्याला महिन्यातून एकदा तेल द्यावे. तेल दिल्यावर पहिल्या दहा टाक्यांना चिंधी लावावी, नवे कापड लावू नये. मोठी कात्री कापडाखेरीज कशालाही वापरू नये. तिने कागद कापलेला दिसला तर माझा आत्मा वगैरे येणार नाही, मी तशी नाही, पण कात्रीची धार मात्र जाईल.

कलम ३. पुठ्ठ्याचे सगळे नमुने भाचीला, आणि त्यांच्यासोबत पिशवी करायची पद्धतही. पद्धत वारसाने देता येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. मी चाळीस वर्षे एकच वस्तू केली, नाडीची, पट्ट्याची, आत लोकरीचा थर असलेली पिशवी, आणि तीच मला देता येत नसेल तर दुसरे काय देऊ? तेव्हा लिहिते.

वरचे कापड लोकरीच्या थरावर पसरून आधी कच्चे टाके घालावे, मग तिरप्या चौकटींची शिलाई मारावी आणि त्यानंतरच नमुना ठेवून कापावे. चौकटी घातल्या की कापड आटते. आधी कापले तर पिशवी बोटभर लहान होते आणि अस्तर आत लोंबते. भाचीच्या पहिल्या पिशवीत हेच झाले होते. पट्टा अस्तर लावण्याआधी बसवायचा. त्याची टोके कापडातून आणि लोकरीतून आरपार शिवायची, चौकोन आणि चौकोनात फुली. ती नेफ्याच्या खाली संपली पाहिजेत, नाहीतर नाडी तिथे अडते. नाड्या दोन घ्याव्या, एक डावीकडून जाऊन पूर्ण फेरा घेऊन डावीकडेच येते, दुसरी उजवीकडून. एकाच नाडीने तोंड वाकडे मिटते. अस्तराच्या तळाला चार बोटे जागा उघडी ठेवावी, तिथून सगळी पिशवी उलटून सुलटी करावी आणि मग ती जागा हाताने बंद करावी. मशीनने नाही, हाताने. का ते कलम ६ मध्ये येईल.

कलम ४. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला माझ्या हातची एक पिशवी द्यावी. हे गृहस्थ आठ वर्षे माझ्या पिशवीची नक्कल विकत आहेत. कापड बरे असते, पण पट्टा नुसता वरच्या कडेत अडकवलेला, त्यामुळे दोन किलो कांदे घातले की पट्टा हातात आणि कांदे रस्त्यावर. मग ते गिऱ्हाईक माझ्याकडे येते आणि मलाच चार शब्द ऐकवते. दुकानदाराने माझी पिशवी घरी न्यावी, पूर्ण उसवावी आणि शिकावे. एवढी वर्षे मी त्यांच्यावर चिडून होते. आता इतकी चिडत नाही. पण पिशवी उसवायला मात्र त्यांनी स्वतः बसावे, नोकराला बसवू नये.

कलम ५. जिन्याखाली बसणारे किल्लीवाले यांना माझी उंच खुर्ची. ती त्यांच्याच कमरेला योग्य आहे. त्यांनी ती एकवीस वेळा दुरुस्त केली आणि प्रत्येक वेळी “आता ही टाका बाई” असे म्हणाले. टाकली नाही, त्यांना देते आहे.

कलम ६. आता धाकटी.

पुढची खोली, म्हणजे शिवणाची खोली, धाकटीला द्यावी. शिवाय कपाटाच्या वरच्या कप्प्यात पांढऱ्या चादरीत गुंडाळून ठेवलेली वस्तू तिची आहे. ती काय आहे आणि तिला का द्यायची, ते सविस्तर लिहिते, कारण आजवर मी ते खरे सांगितलेले नाही.

आम्ही दोघी मिळून पिशव्या करत होतो. मी कापायची आणि शिवायची, ती नेफे घालायची आणि नाड्या वळायची. तिच्यासारखी नाडी मला आजही वळता येत नाही. एकदा वाचनालयाने सभासदांसाठी चाळीस पिशव्या मागितल्या. मधल्या थरासाठी आम्ही लोकांकडून जुनी लोकरी पांघरुणे घेऊन धुऊन ठेवत असू. त्याच आठवड्यात धाकटीने आईची जागोजागी रफू केलेली मोरपंखी शाल पुन्हा रफू करायला आणली होती. आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. ती शाल धाकटीच्या वाटणीची. आईच्या शेवटच्या आजारात रात्रंदिवस तिनेच केले, मी कामाचे निमित्त सांगत राहिले, त्यामुळे वाटणीबद्दल मी ब्रसुद्धा काढला नव्हता. धाकटीने शाल धुतली, घडी घातली आणि धुतलेल्या पांघरुणांच्याच फळीवर ठेवली. मग भाचीला ताप भरला म्हणून ती आठ दिवस घरी राहिली.

चौकटी घालण्याआधी पांघरुणांचे ढोबळ तुकडे पाडताना मी चार थर एकावर एक ठेवून एकदम कापते. दिसतो तो फक्त वरचा. ती परत आली तोवर पिशव्या वाचनालयात गेल्या होत्या आणि तिथून चाळीस घरांत. तिने फळी पाहिली, मला विचारले. मी म्हटले, “कळलंच नाही गं मला. खालच्या थरात गेली असणार.” शिवाय असेही म्हटले की पांघरुणांच्या फळीवर शाल ठेवायची नसते. म्हणजे चूक निम्मी तिचीच. गेली एकोणीस वर्षे मी हेच धरून बसले आहे.

खरे असे आहे. पहिल्याच कापात कात्री अडली. लोकरीत कात्री अडत नाही, रफूच्या गाठीवर अडते. मी वरचे थर उचलून पाहिले. आईची शाल होती, कडेपासून वीतभर कापलेली. एकच काप होता. एका दुपारच्या रफूने तो मिटला असता. पण मिटवला तरी तो धाकटीला दिसला असता, आणि एवढंही बघून कापता येत नाही का तुला, असे तिने विचारले असते, आणि आईच्या आजारपणाचे सगळे त्यात निघाले असते. पाच दिवसांत चाळीस पिशव्या द्यायच्या होत्या, लोकर कमी पडत होती. मी थर पुन्हा खाली ठेवले आणि शेवटपर्यंत कापत गेले. नऊ पिशव्यांना पुरली.

मी केले ते वाईट केले. रागाने केले नाही, लाजेने केले, पण त्याने शाल परत होत नाही.

दारावर माझी पाटी आहे, “येथे घेतलेली पिशवी कायम मोफत दुरुस्त करून मिळेल.” लोकांना वाटते बाई दिलदार. मी दिलदार नाही. पिशवी आली की मी अस्तराचा हाताने बंद केलेला तळ उघडते आणि आतली लोकर बघते. शाल निघाली तर चौकटींचा प्रत्येक टाका उसवून तो थर बाहेर काढते, दुसरा घालते, पुन्हा सगळी शिवते. त्याला दोन दिवस जातात. गिऱ्हाईकाला सांगते, नाडी बदलली. नऊपैकी सात सापडल्या. त्यांतले शालीचे तुकडे मी जोडून ठेवले आहेत. सुईची भोके सगळीकडे आहेत, आणि दोन तुकड्यांच्या जागी साधे कापड लावले आहे. ती शाल म्हणण्याजोगी राहिलेली नाही. तरी ती तिची आहे.

कलम ७. वरील सर्व पार पाडण्याचे काम वकीलबाईंनी करावे.

कलम ८. हे कलम चार दिवसांनी जोडले आहे. अक्षर माझेच आहे, जरा घाईचे.

कच्चा मसुदा मी स्वच्छ प्रत करायला भाचीकडे दिला होता, तिचे अक्षर मोत्यासारखे म्हणून. ती कलम ६ वाचेल, हे मला ठाऊक होते. ती घरी नेऊन आईला वाचायला देईल, हे ठाऊक नव्हते असे मी आता लिहिणार नाही. खोटे लिहून लिहून कंटाळा आला.

आज दुपारी सह्यांसाठी वकीलबाई आल्या, किल्लीवाले वर आले, दुसरे साक्षीदार म्हणून वरच्या मजल्यावरचे गृहस्थ यायचे होते. त्यांच्याऐवजी दारात धाकटी उभी. केस पांढरे झालेत तिचे. आत आली, बसली नाही.

“पहिल्याच कापात कळलं तुला?”

“हो.”

“मग थांबली का नाहीस?”

“थांबले असते तर तुला सांगावं लागलं असतं.”

तिने टेबलावरची कात्री उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, “मला वाटायचं, वेंधळी आहेस. वेंधळ्या माणसावर एवढा राग धरला म्हणून स्वतःचीच लाज वाटायची गं मला. एकोणीस वर्षं.” मला हे कधी सुचलेच नव्हते. मी सगळा वेळ माझ्याच लाजेत होते.

“आता धर राग,” मी म्हटले. “आता रास्त आहे.”

“तो मी धरीनच. तू सांगायला नकोस.” तिने वकीलबाईंकडे वळून विचारले, “साक्षीदाराने सही कुठे करायची?”

वकीलबाई म्हणाल्या, “तुम्हाला करता येणार नाही. म्हणजे येईल, पण जो साक्षीदार होतो त्याला या कागदातून काही मिळत नाही. तुमची खोली जाईल. ती वस्तूही.”

“म्हणूनच करते आहे,” धाकटी म्हणाली. “ही मेल्यावर मला हिच्याकडून काही नकोय. एवढं सगळं हिने कागदावर लिहिलं, मी गेल्यावर वाचा म्हणून. मला नाही चालणार. जे द्यायचं ते समोर बसून दे, आज.”

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मागच्या खोलीत जाऊन कपाट उघडले, दार वर उचलून. पांढरी चादर तिच्या हातात दिली. तिने ती उघडली, साध्या कापडाचे दोन तुकडे बोटाने चाचपले आणि म्हणाली, “हे रंगाने अगदीच विजोड आहेत. असं कसं लावलंस?” मग खुर्ची ओढून बसली. तिने माफ केले असे ती म्हणाली नाही, मी विचारलेही नाही.

म्हणून कलम ६ मधले दान रद्द. वस्तू मी जिवंतपणी, माझ्या हाताने दिली. पुढची खोलीही भाचीला द्यावी. कलम ६ मधील बाकीचा मजकूर मात्र खोडू नये. तो खरा आहे.

वरील सर्व वाचून, समजून, माझ्या इच्छेने सही केली.

ठिकाण: राहते घर, शिवणाची खोली.
दिनांक: ९ ऑक्टोबर, दुपारी साडेचार.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: (सही) किल्लीवाले. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या शुद्धीवर आहेत. खुर्ची मला मिळणार होती, आता सही केली म्हणून मिळणार नाही, असे वकीलबाई आत्ता सांगतात. हरकत नाही. ती टाकायलाच झाली आहे.

साक्षीदार दुसरी: (सही) मृत्युपत्र करणारी माझी सख्खी थोरली बहीण. तिने माझ्यासमोर सही केली. आमचे बोलणे आहे.