एकाच टोपीतली दोन कार्डं

८ फेब्रु., शनि.
सईची नव्या बेसबॉल क्लबात पहिली प्रॅक्टिस. मैदान हौगांगला. बुओना व्हिस्टाहून मेट्रोची सर्कल लाइन, सेरांगूनला बदल, पुढे दहा मिनिटं चालत. घामाघूम. कोच तैवानचे, नाव लिन. पस्तिशी ओलांडलेली, अंगाने बारीक, बोलणं कमी. चेंडूवर बोटं कशी ठेवायची ते सईला दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा ती विचारायला गेली तर नुसते बघत राहिले. मग तिला आपोआप जमलं. येताना गाडीत खूश होती. म्हणाली, पिचरच व्हायचं, चेंडू टाकणारी.
कोचचा चेहरा पाहिल्यासारखा वाटतोय. कुठे ते आठवेना.

९ फेब्रु., रवि.
आठवलं. चहा झाल्यावर बेसबॉल कार्डांचे बाइंडर काढले. मोठ्या टीमचे चार, धाकट्या टीम्सचे अकरा. नीता म्हणाली, "झालं सुरू." सातव्या बाइंडरमध्ये मिळाले. नाव तेच, गाव तैचुंग, डावखुरा, हनुवटीवर खाच तीच. वय वीस. अमेरिकेत आम्ही ज्या गावी राहायला गेलो तिथल्या धाकट्या टीमचा, आम्ही पोचायच्या आदल्या वर्षीचा सेट. गावातल्या बेकरीने छापलेला, मैदानाच्या दुकानात उरलेला, तो मी उचलला होता. म्हणजे आम्ही गेलो तेव्हा हे नुकतेच गाव सोडून गेले होते.
पंधरा वर्षं हा माणूस माझ्या कपाटात आहे. शनिवारी समोर उभा होता.
नीता एकदा म्हणाली होती की ज्यांना मोठ्या टीमने कधी बोलावलं नाही त्यांची कार्डं जमवून तुला काय मिळतं. तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आज तिला बोलावून कार्ड दाखवलं. तिने चष्मा लावून पाहिलं, आणि "अरे, खरंच की" एवढंच म्हणाली.

१५ फेब्रु., शनि.
चूक झाली.
कार्ड पाकिटात घालून, सहीचं पेन घेऊन गेलो. प्रॅक्टिस संपेपर्यंत थांबायला हवं होतं. मधल्या सुट्टीत पाणी प्यायला सगळी मुलं त्यांच्याभोवती असताना पुढे केलं. मुलं अर्थातच ओरडायला लागली, कोच प्रो होते, कोच प्रो होते. लिननी कार्ड हातात घेतलं नाही. लांबूनच बघितलं. म्हणाले, "हा दुसरा कुणी लिन असेल. तैवानात खूप लिन आहेत." आणि शिट्टी वाजवून मुलांना मैदानात पिटाळलं.
तेच आहेत. कार्ड दिसल्याबरोबर डावा हात खिशात गेला.
सई परत येताना: "बाबा, व्हाय यू मस्ट डू लाइक दॅट?"

२२ फेब्रु., शनि.
लिन आले नाहीत. दुसऱ्या एकाने प्रॅक्टिस घेतली. म्हणे बरं नाही.
मुलांनी नेटवर शोधून काढलंय. तिकडच्या स्थानिक पेपरातली जुनी चार ओळींची बातमी. सराव सामन्यात लिनचा चेंडू स्वतःच्याच टीममधल्या बॅटरच्या चेहऱ्यावर बसला. चेंडू हातातून घसरला. बॅटरचा उजवा डोळा गेला. नाव एमिलियो. मुलांच्या ग्रुपवर सगळीकडे फिरतंय. दोन आयांनी क्लबला विचारलंय की हा कोच ठेवणार का.
हे सगळं माझ्या पेनामुळे.

२४ फेब्रु., सोम.
सई बोलत नाही. जेवताना आईशी बोलते, मला उत्तरं एका शब्दात. नीताने विचारलं तेव्हा कळलं की शनिवारी तिने एकही चेंडू बॅटरच्या जवळून टाकला नाही. सगळे बाहेरून. भीती वाटते म्हणाली.
ऑफिसात दिवसभर रिलीजची मीटिंग. काय ठरलं ते उद्या विचारावं लागेल.

२ मार्च, रवि.
क्लबातून कळलं की लिन एरवी ईस्ट कोस्टला, समुद्रकाठी सायकली भाड्याने देतात तिथे दुरुस्तीचं काम करतात. बायको इथली, हौगांगची. एकटाच गेलो.
चेन बसवत होते. मला पाहून काम थांबवलं नाही. मी माफी मागितली. मुलांसमोर करायला नको होतं, मुळात विचारूनच करायला हवं होतं, असं सगळं बोललो. ते ऐकत होते. चेन बसल्यावर चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, बरं नव्हतं हे खोटं होतं. मग विचारलं, बाकीच्यांचीही आहेत का कार्डं. म्हटलं, त्या वर्षीचे सगळे आहेत. एक कुटुंब चार सायकली परत करून गेलं. त्यानंतर म्हणाले, "एमिलियोचं आहे?"
आहे. नुसतं कार्ड नाही, सही केलेलं. नऊ वर्षांपूर्वी मी पत्र आणि परतीचा लिफाफा घालून ते त्याला पाठवलं होतं, बऱ्याच जुन्या खेळाडूंना पाठवतो तसंच. पाच महिन्यांनी परत आलं होतं. सहीखाली दोन शब्द, आठवणीबद्दल आभार. त्याच्या डोळ्याचं मला काहीच ठाऊक नव्हतं.
हे लिनना सांगितलं. त्यांनी विचारलं, म्हणजे पत्ता आहे.

९ मार्च, रवि.
दोन्ही कार्डं घेऊन ईस्ट कोस्टला. या वेळी सई आपणहून आली. मी विचारलं नव्हतं.
लिननी हात पुसले, तरी कार्डाला बोट लावलं नाही, मीच धरलं. एमिलियो हसतोय, बॅट खांद्यावर. लिन म्हणाले, ही टोपी माझी आहे. दोघं एका खोलीत राहायचे. फोटोच्या दिवशी एमिलियोला त्याची टोपी सापडेना, म्हणून आधी लिनचा फोटो काढला, मग तीच टोपी त्याच्या डोक्यावर. डोकं मोठं होतं, बसत नव्हती, नुसती वर ठेवली होती.
मी दोन्ही कार्डं शेजारी धरली. टोपीच्या पुढच्या कडेला डाव्या बाजूला घामाचा तोच डाग, दोन्हीवर. पंधरा वर्षं ही कार्डं एका पानावर शेजारच्या खणांत आहेत. भिंग लावून कोपरे तपासलेत मी त्यांचे.
सईने विचारलं, ॲक्सिडेंट होता ना? लिन म्हणाले, पेपरात तसं आलं होतं. सईचं समाधान झालेलं दिसलं. येताना गाडीत माझ्याशी बोलली, पुष्कळ.

२३ मार्च, रवि.
लिननी पत्र लिहिलंय. दोन आठवडे लागले. लिफाफा उघडाच दिला आणि म्हणाले, इंग्रजी तपासा. नको म्हणायला हवं होतं. बाकावर बसून वाचलं.
एक पानही पूर्ण नाही. एमिलियोला वरच्या टीमचं बोलावणं आलं होतं, लिनना नाही. तीन दिवस खोलीत दोघं बोलत नव्हते. सराव सामन्यात त्याला घाबरवायचं म्हणून चेंडू मुद्दाम अंगावर टाकला. डोक्यावर नव्हता टाकायचा. पण घसरला नव्हता. पुढे लिहिलंय, सगळ्यांनी घसरला म्हटलं, तूही म्हणालास, मी गप्प बसलो. हॉस्पिटलात एकदा आलो, दुसऱ्यांदा आलो नाही. त्या वेळी तू काय विचारशील याची भीती वाटली.
एका शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त केलं. बाकी हात लावला नाही. लिन तोवर दुसऱ्या सायकलीत हवा भरत होते. पत्ता माझ्याकडे आहे, म्हणून पोस्टात टाकायचं मी असं ठरलं. म्हटलं, बरं.

२५ मार्च, मंगळ.
टाकलं नाही. नीताला सांगितलं. तिला कार्डांत काडीचा रस नाही, पण पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाली, "तो बिचारा पंधरा वर्षं अपघात झाला असं समजून जगतोय. आता त्याला सांगणार की मित्राने मुद्दाम केलं? बरं कुणाला वाटणार यातून? तुझ्या कोचला." मी म्हटलं, एमिलियोला खरं कळायचा हक्क नाही का. ती म्हणाली, असेल, पण त्याने मागितलेलं नाही.
दोघांचंही पटतंय मला. माझं आणि तिचं.
सईला यातलं काही सांगितलेलं नाही.

२९ मार्च, शनि.
प्रॅक्टिसला पुन्हा तो दुसराच कोच. क्लबाने लिनना कळवलंय की परत यायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, आमचं काही म्हणणं नाही. सईने आता चेंडू आतून टाकायला सुरुवात केली. एक बॅटरच्या कोपरापासून वीतभर गेला. ती माझ्याकडे बघून हसली. बाकीच्या आईबापांना ती सांगत होती, इट वॉज ॲन ॲक्सिडेंट लाह, कोच टोल्ड मी.
मी पाण्याची बाटली भरायला गेलो.

३ एप्रिल, गुरु.
पत्र अजून बॅगेत. ऑफिसला जाताना पोस्टाची पेटी रोज लागते. आज पेटीपाशी थांबलो, लिफाफा बाहेर काढला, पुन्हा ठेवला. लॅपटॉपला लागून कोपरा दुमडलाय. तो सरळ करत बसलो मीटिंगमध्ये.
एक गोष्ट लिहून ठेवतो, इतर कुणाला सांगणार नाही. परवा मनात येऊन गेलं की हे पत्र त्या दोन कार्डांबरोबर ठेवलं तर. प्लास्टिकच्या पाकिटात, त्याच पानामागे. क्षणभरच. पण आलं.

६ एप्रिल, रवि.
ईस्ट कोस्ट. लिनना सरळ सांगितलं की टाकलं नाही, आणि का नाही ते. नीताचं म्हणणंही सांगितलं. वाटलं चिडतील. चिडले नाहीत. म्हणाले, मीही हाच विचार पंधरा वर्षं केला, म्हणून तर उशीर झाला. मग म्हणाले, "तुम्ही ते टाका, नाहीतर मला परत द्या. तुमच्याकडे ठेवू नका."
कानाखाली बसल्यासारखं झालं. बॅगेतून काढून दिलं. त्यांनी लिफाफ्यावर पत्ता लिहायला सांगितला, मी लिहिला. डावखुऱ्या माणसाचं पत्र आणि वर माझं अक्षर, विचित्र दिसत होतं. मागे पाठवणाऱ्याचा पत्ता त्यांनी स्वतःचा लिहिला, हौगांगचा ब्लॉक नंबर. दुकान दुसऱ्याच्या हवाली करून पोस्टाच्या पेटीपर्यंत दोघं चालत गेलो. टाकताना थांबले वगैरे नाहीत. टाकलं आणि वळले. येताना मला विचारत होते, सईचं मनगट अजून आत वळतं का.
नीताला सांगितलं. ती म्हणाली, आता तो त्यांचा प्रश्न. मग थोड्या वेळाने म्हणाली, पत्ता बदललेला असला म्हणजे बरं.

२६ एप्रिल, शनि.
लिन परत आले. मुलं जरा बिचकत होती, दहा मिनिटांत सरावली. त्या दोन आयांपैकी एकीने मुलाला काढून घेतलंय, दुसरीचा मुलगा आला. सईवर त्यांनी आज पूर्ण अर्धा तास घालवला. चेंडू आतून टाकताना बॅटरच्या गुडघ्याकडे बघायचं, चेहऱ्याकडे नाही. ती मान डोलावत होती.
उत्तर नाही. पत्र परतही आलेलं नाही.

१० मे, शनि.
उत्तर नाही. मी विचारत नाही, लिन मैदानात शिरताना नुसती मान हलवतात.
बाइंडर या महिन्यात उघडले नाहीत. दोन नवीन कार्डं आलीत तिकडून, लिफाफ्यातच आहेत.

३१ मे, शनि.
प्रॅक्टिस संपल्यावर सई चेंडू गोळा करायला थांबली. लिन तिच्याशी कुंपणापाशी उभे राहून बोलत होते. मी या टोकाला, ऐकू येत नव्हतं. पाच-सात मिनिटं. सईच्या हातात चेंडूंची बादली होती, ती मध्येच खाली ठेवली. लिन बोलून झाल्यावर सामान उचलून निघून गेले, माझ्याकडे न येता.
सई आली तेव्हा चेहरा कोरा. सेरांगूनला गाडी बदलताना सरकत्या जिन्यावर एक पायरी पुढे उभी होती, मागे न वळता मराठीत म्हणाली, "बाबा, तुला माहीत होतं?"
"हो."
"कधीपासून?"
"त्यांनी पत्र लिहिलं तेव्हापासून."
"आणि मी सगळ्यांना ॲक्सिडेंट सांगत होते."
म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार. तिला थांबवायला हवं होतं, की ते लिननीच सांगायला हवं होतं, हे अजूनही कळत नाही. तसं तिला सांगितलं. सर्कल लाइनच्या गाडीत जागा होती, ती बसली नाही. दाराजवळ उभी राहिली. मीही.
बऱ्याच स्टेशनांनंतर तिने विचारलं, एमिलियोने उत्तर दिलं का. म्हटलं, नाही. नाहीच दिलं तर? म्हटलं, त्याची मर्जी. मग कोच काय करणार? म्हटलं, पुढच्या शनिवारी आठ वाजता येणार, मला एवढंच माहीत आहे.
तिने खांद्यावरची बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. बुओना व्हिस्टा आलं. उतरताना म्हणाली, "मी यायचं का ते बघते."
घरी आल्यावर नीताने विचारलं, कशी झाली प्रॅक्टिस. सई म्हणाली, ओके. आणि आंघोळीला गेली.