वाकणे एका टेबलावर, पिळणे दुसऱ्या टेबलावर

प्रति,
मा. उपअभियंता,
टंचाई पंपगृह उपविभाग, औरंगाबाद.

विषय : सम्यकनगर, पडेगाव येथील विहिरीवरच्या पंपाचा शाफ्ट तुटण्यापूर्वी बदलून मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज, दोन्ही "सुरक्षित" असा शेरा मारून परत.

महोदय,

१. अर्जदार विशाखा मोतीराम दाभाडे, तंत्रनिकेतनात यंत्ररचना शिकवणारी, सविनय कळवते की, यंदा विहिरीचे पाणी पार तळाला गेले आणि वस्ती मात्र दुप्पट झाली. म्हणून आपल्या विभागाने जुन्या पंपाला मोठे इंजिन जोडले, पट्टा करकचून ताणला. शाफ्ट, म्हणजे पट्ट्याची पुली ज्यावर बसते तो फिरता दांडा, तेवढा तोच ठेवला.

२. हा पट्टा शाफ्टाला एका अंगाला ओढतो, त्याने शाफ्ट वाकतो. तोच पट्टा त्याला फिरवतो, त्याने शाफ्ट पिळला जातो. ओली फांदी नुसती वाकवून तुटत नाही, वाकवून पिळली की तुटते. अर्जदाराने हे एका अर्जात लिहिले, तर आवक खिडकीने "एका अर्जात एकच विषय" म्हणून तो घेतलाच नाही. मग दोन केले. वाकण्याचा स्थापत्य टेबलाकडे गेला, पिळण्याचा यांत्रिकीकडे. शाफ्टाची ताकद साडेचारशे न्यूटन-मीटर. एका साहेबांचे वाकणे तीनशे आले, दुसऱ्यांचे पिळणे चारशे. दोन्ही गणिते बरोबर आहेत, अर्जदार वर्गात पैकीच्या पैकी गुण देईल. पण शाफ्ट सोमवारी वाकून मंगळवारी पिळत नाही हो. दोन्ही भार एकदमच येतात, आणि त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढले की पाचशे भरतात.

३. पंपचालक कडुबा यांनी पुलीच्या मुळाशी केसाएवढी चीर दाखवली. "बाई, चालतंय तंवर चालू द्या, पाणी बंद झालं तर बाया मला फाडून खातील," असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोटे नाही. हंड्यांची रांग पुलीच्या समोरच लागते, कारण सावली तेवढीच आहे. शाफ्ट तुटला तर पुली सुटून थेट त्या रांगेत येईल, पण सांगून कुणी हटत नाही. त्या रांगेत अर्जदाराची आई लीलाबाई असते. अर्जदाराला भीती वाटते, हे सरळच लिहिते.

४. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. परवा अर्जदाराने पट्टा उतरवून घरी आणला. तेव्हापासून वस्ती कोरडी आहे. शेजारच्या सारजाबाईंची सून बाळंतीण. "शिकलेल्या बाईला तहान लागत नाय व्हय?" असे त्या दारात येऊन विचारून गेल्या. आईने बोलणे टाकले आहे. आपल्या कार्यालयाची सरकारी पट्टा पळवल्याची नोटीस मात्र त्याच दिवशी आली. तीत विषय एकच असल्याने ती कुठेही अडली नाही.

५. इकडे आड तिकडे विहीर झाली आहे. बाळंतिणीचे घर कोरडे ठेवणे अर्जदाराच्याने होत नाही, सबब उद्या सकाळी ती पट्टा परत चढवणार आहे. विनंती एवढीच, की दोन्ही साहेबांनी एकत्र येऊन तो शाफ्ट पाहावा आणि जाड शाफ्ट बसवावा. तोपर्यंत पुलीसमोरच्या सावलीत कुणी उभे राहू नये म्हणून अर्जदार स्वतः तिथे खुर्ची टाकून बसेल. उत्तर घरच्या पत्त्यावर न पाठवता तिथेच पाठवावे.

आपल्या दोन्ही टेबलांची नम्र,
(सही)
विशाखा मोतीराम दाभाडे
दि. १२ एप्रिल २०१६

सोबत : परत आलेले दोन्ही अर्ज, एकाच टाचणीत.